आधी भाकरी, मग विद्यार्थी



आजचं वाचन तैत्तिरीय उपनिषद, शीक्षावल्ली, चौथा अनुवाक. कालचा तिसरा जरा जड गेला असं दोघा-तिघांनी कळवलं. आजचा सोपा आहे. निदान मला तरी बरीच वर्षं तो सोपा वाटायचा.

शीक्षावल्ली म्हटलं की आपल्याला आठवतो अकरावा अनुवाक. शिक्षण पूर्ण करून निघालेल्या शिष्याला आचार्य शेवटचं सांगतात तो. खरं बोल, धर्माने वाग, आईवडिलांना देव मान. पदवीदान समारंभात हमखास ऐकू येतो. पण तो झाला शाळेचा शेवटचा दिवस. आजच्या अनुवाकात शाळेचा पहिला दिवससुद्धा अजून उजाडलेला नाही. विद्यार्थी एकही आलेला नाही. आचार्य एकटाच अग्नीपुढे बसलाय, आहुती देतोय आणि मागतोय.

काय मागतोय? सगळ्यात आधी मेधा, म्हणजे ऐकलेलं धरून ठेवणारी बुद्धी. शरीर धडधाकट असू दे, जिभेत गोडवा असू दे, कानांनी पुष्कळ ऐकू दे, आणि जे ऐकलं ते निसटू नये. इथवर आपल्या अपेक्षेप्रमाणे. मग तो मागतो कपडे. गायी. खाणं आणि पिणं, आणि तेही एकदा नाही, सतत येत राहील असं. लोकर असलेली जनावरंसुद्धा मागतो. आणि हे सगळं मागून झाल्यावर म्हणतो की आता ब्रह्मचारी माझ्याकडे येऊ देत, सगळ्या दिशांनी येऊ देत. उताराकडे पाणी धावतं तसे. महिने सरत सरत वर्षाला जाऊन मिळतात तसे.

मी इंजिनिअरिंगला असताना हे पहिल्यांदा वाचलं, तेव्हा मधला भाग सरळ ओलांडून गेलो होतो. ॲप इन्स्टॉल करताना अटी आणि शर्ती ओलांडतो तसा. मेधा कळली, उताराच्या पाण्याची उपमा तर इतकी आवडली की वहीत लिहून ठेवली. पण मेंढ्या? ब्रह्मविद्या सांगायला बसलेला ऋषी मेंढ्या कशाला मागतोय, असं वाटून थोडी लाजच वाटली होती. शंकराचार्यांच्या भाष्यात याचा क्रम समजावलाय. बुद्धी आधी मागितली आणि संपत्ती नंतर, कारण बुद्धी नसलेल्याच्या हातातली संपत्ती अनर्थच करते. हे पटलं. तरी मेंढ्यांचं कोडं काही सुटलं नाही.

ते सुटलं गेल्या हिवाळ्यात, आत्याच्या ओट्यावर. तिकडे येतोच. आधी आळंदीला जाऊन येऊ.

वारकरी संप्रदायात पूर्वी कीर्तनकार कसा तयार व्हायचा? शाळा अशी नव्हतीच. एखाद्या महाराजांच्या फडात जायचं, त्यांच्यामागे टाळ घेऊन उभं राहायचं, दिंडीत चालायचं, ऐकत ऐकत अभंग पाठ व्हायचे, आणि एक दिवस महाराज म्हणायचे, आज तू उभा राहा. पद्धत सुंदर आहे, पण त्यात एक अडचण होती. ज्याला असा सहवास मिळाला तो शिकला. ज्याच्या गावावरून दिंडी जात नाही, ज्याच्या घरात वारी नाही, त्या पोराने कुठे जायचं?

विष्णुबुवा जोगांनी हा प्रश्न मनावर घेतला. पुण्यात १८६७ साली जन्मलेला हा माणूस तरुणपणी तालमीत रमणारा. लग्न केलं नाही. तुकोबांच्या गाथ्याचा अर्थ लिहिला, आयुष्य कीर्तन-प्रवचनात घातलं. १९१७ च्या गुढीपाडव्याला त्यांनी आळंदीत वारकरी शिक्षण संस्था सुरू केली. पुण्यात सुरू करता आली असती. पुण्यात पैसा होता, छापखाने होते, व्याख्यानं ऐकणारी माणसं होती. आळंदी त्या काळात इंद्रायणीकाठचं लहानसं गाव. एरवी शांत, कार्तिकीला तुडुंब. तिथे होती ती माउलींची समाधी, आणि भाकरी देणारी घरं.

ही भाकरी मला फार महत्त्वाची वाटते. आळंदीत शिकणाऱ्या पोरांची रीत माधुकरीची. मधुकर म्हणजे भुंगा, तो एका फुलातून थोडंच घेतो. तसं पोराने झोळी घेऊन पाच घरी जायचं, एका घरी अर्धी भाकरी, दुसऱ्या घरी आमटी, तिसऱ्या घरी नुसतं "आज सोवळ्यात आहे रे बाळा, उद्या ये". जे मिळेल ते आणायचं, वाटून खायचं आणि पाठांतराला बसायचं. आपण वसतिगृहाची मेस म्हणतो तसं हे नाही. मेसमध्ये पैसे भरले की संबंध संपतो. माधुकरीत गावातल्या प्रत्येक घराला माहीत असतं की हा पोरगा कोण, कुठला, आज का आला नाही, त्याचा हरिपाठ कुठवर आला. आणि पोरालाही कळतं की आपल्या पोटात जी विद्या चाललीय तिच्याखाली कुणाच्या तरी चुलीची राख आहे. असली शाळा एकटा गुरू चालवूच शकत नाही. अर्धी शाळा गाव चालवतं.

आता हे गाव कोणतं ते आठवा. परंपरा सांगते की याच आळंदीत संन्याशाची मुलं म्हणून निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई या चौघांना वाळीत टाकलं होतं. त्यांच्या झोळीत काही पडू नये म्हणून लोक दारं लावून घ्यायचे. मुक्ताईला मांडे करायचे होते, तर विसोबा चाटीने तिला कुंभाराकडून खापरसुद्धा मिळू दिलं नाही, आणि मग ज्ञानदेवांनी पाठ तापवली. ही कथा आपण चमत्कार म्हणून ऐकतो आणि पाठीपाशीच थांबतो. मला आता त्यातलं बंद दार जास्त दिसतं. चार अनाथ लेकरं, आणि भाकरी न देणारं गाव. तेच गाव पुढे दूरदूरच्या अनोळखी पोरांना रोज भाकरी वाढायला लागलं, आणि ती पोरं शिकत होती काय, तर त्याच ज्ञानदेवांची ज्ञानेश्वरी. ज्ञानदेवांच्या समाधीनंतर यायला सहाशेवर वर्षं लागली, हे खरं. पण आलं. (मुक्ताईच्या गावात मुलींच्या शिक्षणाला मात्र त्याहूनही उशीर झाला. आता आळंदीत मुलींच्याही संस्था दिसतात. यावर कधीतरी वेगळं लिहीन, कारण थोडक्यात लिहिलं तर राग येतो.)

संस्थेचा काळही बघा. पहिलं महायुद्ध चालू. १९१८ मध्ये इन्फ्लुएंझाची साथ आली, त्याच वर्षी मुंबई इलाख्यात पाऊसही दगावला. आणि १९२० मध्ये खुद्द जोग महाराज गेले. पाडव्यापासून मोजली तर तीन वर्षंही पुरी नाहीत. आज संस्थेचा अभ्यासक्रम चार वर्षांचा आहे. त्या हिशेबाने बोलायचं तर पहिली तुकडी बाहेर पडायच्या आत संस्थापक गेला. आमच्या धंद्यात अशा प्रोजेक्टचं काय होतं ते सांगायला नको. पण बंकटस्वामी होते, सोनोपंत दांडेकर होते. सोनोपंत म्हणजे पुढे पुण्यात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य, आणि तरी आयुष्यभर वारकरी. तुमच्या घरात जाड सार्थ ज्ञानेश्वरी असेल तर बऱ्यापैकी शक्यता आहे की ती त्यांनीच संपादित केलेली आहे. १९१७ साली ते एकवीस वर्षांचे होते. तुमच्यातल्या बऱ्याच जणांहून लहान. या माणसांनी ती शाळा धरून ठेवली, आणि शंभर वर्षं उलटून गेली तरी ती चालू आहे. आज गावोगावच्या सप्ताहात जे कीर्तनकार उभे राहतात त्यांतले कितीतरी "आळंदीला शिकलो" एवढंच सांगतात, आणि तेवढं पुरतं.

आता माझी गोष्ट. ही सांगायला मला बरेच दिवस धीर होत नव्हता.

आमचं गाव पाथर्डीकडचं. दसरा झाला की निम्मं गाव ऊस तोडायला निघतं. मुकादमाची उचल घेतलेली असते, त्यामुळे न जाऊन चालत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुलं एकतर ट्रॅक्टरवर बसून फडावर जातात, नाहीतर म्हाताऱ्या आजीजवळ मागे राहतात. शाळा सुटते ती तिथेच. ऑफिसातले आम्ही चौघं, चौघंही माळकरी, तीन वर्षांपूर्वी ठरवलं की या मुलांसाठी गावात एक लहानसं गुरुकुल काढायचं. दिवसा सरकारी शाळा, संध्याकाळी हरिपाठ, पखवाज, थोडं गणित. शनिवार-रविवार आम्ही आळीपाळीने जायचं.

पुढे काय झालं असेल ते तुम्ही ओळखलं असेलच. व्हॉट्सॲप ग्रुप निघाला. एक्सेल शीट झालं, पाच वर्षांचं. नावावर दोन महिने वाद झाला. एकाने लोगो केला, फार देखणा, वीणा आणि पुस्तक. ट्रस्टच्या मसुद्यावर वकिलाच्या तीन भेटी झाल्या. एक डोमेन मी माझ्या कार्डावरून घेतलं, दर वर्षी रिन्यू होतंय. मुलं? शून्य. तीन वर्षांत एकाही मुलाला आम्ही एक अभंग शिकवलेला नाही. रिलीज असायचं, बाळाचं बारसं असायचं, पाऊस असायचा.

गेल्या डिसेंबरात गावी गेलो होतो, जमिनीच्या कागदासाठी. आत्या आमच्या जुन्या घरात एकटी राहते. संध्याकाळी दिवेलागणीला बघतो तर ओट्यावर चार पोरं. तीन मुलगे, एक मुलगी. समोर ताटल्या. आत्या चुलीवरून भाकरी काढतेय आणि थेट ताटलीत टाकतेय. सोबत पिठलं. मी विचारलं, "आत्या, कुणाची गं ही?"

"अरे, कोयत्याला गेल्यात ना यांची आईबापं. यांच्या म्हाताऱ्यांना दिसत नाय नीट, रातचं काय रांधणार त्या? म्हणून म्हटलं या इकडंच."

"कधीपासनं?"

"झाली की तीन वर्षं. दरसाल दिवाळीनंतर येत्यात, पाडव्याला त्यांची आईबापं आली की जात्यात."

तीन वर्षं. आमच्या ग्रुपचं वय तेवढंच.

जेवण झालं. पोरांनी आपापली ताटली घासली, आत्याने कंदील नाही, मोबाईलचा टॉर्च लावून भिंतीला टेकवला, आणि पोरं हरिपाठ म्हणायला लागली. पाठ. सगळा. मुलगी सगळ्यात लहान, पहिलीतली असेल, तीही. आत्या लिहायला-वाचायला जेमतेम शिकलेली. तिला हरिपाठ ऐकून येतो, तिने ऐकवून शिकवला. मधे एकाचा शब्द चुकला तर तिने पाटीवर बोट आपटल्यासारखं जमिनीवर बोट आपटलं, त्याने परत म्हटलं.

मी म्हणालो, "आत्या, हे तू सांगितलं कसं नाहीस? आम्ही तर इथं गुरुकुलच काढणार होतो."

तिने जरा वेळ माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "ते तुझं ठीक आहे रे. पण पोरं जेवणार काय, ते लिहिलंय का तुमच्या कागदात?"

लिहिलेलं नव्हतं. शपथेवर सांगतो, एक्सेलमध्ये 'भोजन' अशी एक ओळ होती आणि तिच्यापुढचा रकाना रिकामा होता. लोगोचा खर्च भरलेला होता.

रात्री थंडी पडली. पोरं घरी जायला निघाली तेव्हा आत्याने आतून घोंगडी आणली. आजोबांची जुनी, काळी, टोचणारी. त्या लहान मुलीच्या डोक्यावरून पांघरली, नि मोठ्याला सांगितलं, हिला घरापर्यंत सोड आणि घोंगडी तिच्याकडंच राहू दे. आणि मला एकदम तो अनुवाक आठवला. लोकर असलेली जनावरं! आचार्य काय मागत होता ते तेव्हा कळलं. पाणी उताराने येतं तशी पोरं चहूकडून येणार आहेत. हिवाळ्यात येणार आहेत. त्यांना रात्री पांघरायला काय? सकाळी उठल्यावर दूध कुठून? त्या ऋषीने हे सगळं, एकही विद्यार्थी यायच्या आधी, अग्नीपुढे बसून मोजलं होतं. मेंढ्यांची लाज मला वाटली होती, कारण मला कधी कुणाच्या पोराला पांघरूण घालावं लागलं नव्हतं.

अनुवाकात याच्यापुढे अजून एक मागणं आहे, ते मात्र वाचताना मी अजूनही अडखळतो. आचार्य म्हणतो, लोकांत माझं यश होऊ दे, श्रीमंतांहून मी श्रेष्ठ होऊ दे. बापरे. आत्या असं कधीच मागणार नाही. आमचा ग्रुप मागेल, किंबहुना तेच आधी मागितलं आम्ही. पण ऋषी पुढच्याच श्वासात काय म्हणतो ते बघा. हे भगवंता, मी तुझ्यात शिरावं, तू माझ्यात शिरावंस, हजार फांद्यांच्या तुझ्या रूपात मी स्वतःला धुऊन काढावं. म्हणजे त्याला ठाऊक आहे की शाळा काढायची तर नाव लागतं, नावाशिवाय दूरचं पोर येणार कसं, आणि नाव लागलं की अंगाला मळ लागतोच. म्हणून मागितल्या मागितल्या तो धुवायलाही बसतो. मागायचंच नाही असं तो म्हणत नाही, आणि मळ लागत नाही असा आवही आणत नाही. हा प्रामाणिकपणा मला संस्था चालवणाऱ्यांत फार कमी दिसलाय. माझ्यात तर नाहीच.

पुण्याला परतल्यावर चौघांना सांगितलं. एक म्हणाला, "भारीच! मग आत्याचंच आपण ट्रस्टखाली घेऊ, बोर्ड लावू, व्हिडिओ करू." मी काहीच बोललो नाही. खरं सांगायचं तर क्षणभर मलाही ते बरं वाटलं होतं. दुसरा, जो ग्रुपवर सगळ्यात कमी बोलतो, त्याने विचारलं, "आत्यांना महिन्याला पीठ किती लागतं?" कुणालाच माहीत नव्हतं. मी फोन लावला. आत्या म्हणाली, "पीठ नको रे, बाजरी आपल्या घरची आहे. शेंगदाणे पाठव. आणि त्या पोरीला चपला."

शेंगदाणे आणि चपला पाठवल्या. जानेवारीत मी दोन शनिवार गेलो, पोरांना पाढे घेतले. मोठा पोरगा हुशार आहे, सातवीत आहे, तेरा-चौदाचे पाढे त्याने दुसऱ्या शनिवारी उलटे म्हणून दाखवले. निघताना त्याने विचारलं, "दादा, पुढच्या शनिवारी येणार ना?" मी हो म्हणालो. पुढच्या शनिवारी प्रॉडक्शनला गडबड झाली आणि मी गेलो नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही. आत्याला फोन केला तर ती रागावली वगैरे नाही. एवढंच म्हणाली, "तो वाट बघत होता एस्टीची. सहाच्या गाडीपर्यंत."

जोग महाराजांबद्दल वाचताना मला आता त्यांच्या ग्रंथांपेक्षा हेच जास्त जाणवतं. शिकवणारा माणूस पोरांना दिसायला लागतो. रोज. आणि तो गेला तर त्याच्या जागी दुसरा बसायला तयार असावा लागतो, सोनोपंतांसारखा, एकविसाव्या वर्षापासून. आचार्याच्या त्या प्रार्थनेत शेवटी परमेश्वराला एक शब्द वापरलाय, 'प्रतिवेश'. विसाव्याची जागा असा त्याचा अर्थ लावतात. शेजार असाही होतो. मला शेजारच आवडतो. दमून आलेल्याला जिथे हक्काने टेकता येतं ते शेजारचं घर.

पाडवा आता तीन आठवड्यांवर आलाय. आईबापं परत येतील आणि पोरं आपापल्या घरी जातील. म्हणजे माझ्या हातात तीन शनिवार आहेत. या शनिवारी सकाळी सव्वासहाची पाथर्डी गाडी आहे, शिवाजीनगरहून. तिकीट काढलंय. ऑन-कॉलची पाळी ग्रुपमधल्या त्या कमी बोलणाऱ्याने घेतलीय. पखवाज मला वाजवता येत नाही, पण त्या मोठ्या पोराला पंधराचा पाढा द्यायचा राहिलाय.

उद्या पाचवा अनुवाक, व्याहृतींचा. रामकृष्णहरी.